पिकासातून डिजिकॅमकडे : एका घरगुती फोटोसंग्रहाच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

संग्रह

साताऱ्याला राहणारे माझे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. नोकरीत नकाशे आणि मोजणीच्या वह्या नीट लावून ठेवण्याची जी शिस्त त्यांच्या अंगी बाणली, तीच त्यांनी घरच्या फोटोंनाही लावली. त्यांच्या संग्रहात चाळीस हजारांच्या आसपास फोटो आहेत. त्यांत २००४ पासूनचे डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो आहेत, जुन्या अल्बममधून स्कॅन केलेल्या कृष्णधवल प्रती आहेत, लग्नामुंजींच्या वेळी स्टुडिओने दिलेल्या डीव्हीडींतले फोटो आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांनी पाठवलेले आहेत, आणि अलीकडच्या काळात कास पठारावर डीएसएलआर कॅमेऱ्याने रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, काढलेले फुलांचे फोटोही आहेत. फोल्डरांची नावे वर्ष, महिना, दिवस आणि प्रसंग या क्रमाने दिलेली आहेत आणि तो क्रम कुठेही मोडलेला नाही.

या सगळ्याची व्यवस्था पिकासा या फोटो लावण्याच्या प्रोग्रामवर होती. काकांनी वर्षानुवर्षे संध्याकाळी बसून फोटोखाली मराठीत ओळी लिहिल्या, चेहऱ्यांना नावे दिली, चांगल्या फोटोंना तारा दिला आणि अल्बम केले. जुन्या कृष्णधवल फोटोंतली अर्धीअधिक माणसे आता हयात नाहीत, आणि ती कोण हे सांगू शकणारी माणसेही घरात एक-दोनच उरली आहेत. फोटो हरवला तर त्याची प्रत कुणा नातेवाइकाकडे निघू शकेल, पण फोटोतल्या बाईंचे नाव आणि त्यांचे आपल्याशी असलेले नाते हरवले तर ते कुठूनही परत येणार नाही. म्हणून या कामात मी पहिल्यापासून फोटोंपेक्षा त्यांवर झालेल्या कामाची काळजी अधिक केली, आणि या लेखातही तोच भाग जास्त आहे.

बदलाची गरज

गूगलने पिकासा २००४ मध्ये घेतला, अनेक वर्षे मोफत दिला, फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर केले आणि १५ मार्च २०१६ पासून संगणकावरच्या आवृत्तीचे पाठबळ थांबवले. ज्यांच्याकडे तो आधीच बसवलेला होता त्यांच्याकडे तो चालत राहिला, आणि काकांकडेही चांगला चालला. खरी अडचण संगणकाची झाली. विंडोज १० चे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि काकांच्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. आठ जीबी मेमरी असलेला, एरवी धडधाकट असा तो संगणक केवळ या कारणासाठी मोडीत काढणे काकांना पटत नव्हते.

घरात पर्यायांवर चर्चा झाली. नवा संगणक घेऊन त्यावर पुन्हा पिकासाच चालवणे शक्य होते, पण त्यामुळे प्रश्न फक्त काही वर्षे पुढे ढकलला गेला असता. सगळे फोटो इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेत चढवावेत असे पुण्याच्या चुलतबहिणीचे मत होते. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आहे, आता मेल आणि इतर फाइलींसह मिळून १५ जीबी मोफत मिळते, आणि काकांचा संग्रह त्याच्या कित्येक पटींनी मोठा आहे. लाइटरूमसारखा व्यावसायिक प्रोग्राम वर्गणीवर मिळतो, आणि निवृत्तिवेतनातून दरमहा जाणारी अशी वर्गणी कधीतरी थांबणार हे गृहीत धरावे लागते. इमिच नावाचा मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा, प्रोग्राम घरच्याच संगणकावर गूगल फोटोजसारखी सोय उभी करतो. तो मला आवडतो, पण त्यासाठी एक संगणक सतत चालू ठेवावा लागतो आणि त्याची देखभाल करणारे कुणीतरी घरात असावे लागते. वीज जाण्यायेण्याचा हिशेब आणि मी स्वतः साताऱ्याबाहेर राहतो ही गोष्ट लक्षात घेऊन तो विचार सोडला.

शेवटी संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत प्रणाली, फोटो लावण्यासाठी डिजिकॅम आणि रॉ फोटोंच्या संपादनासाठी डार्कटेबल असे ठरले. डिजिकॅमची सुरुवात २००१ मध्ये रेंची राजू यांनी केली आणि आज तो केडीई या मोठ्या मुक्तस्रोत समुदायाचा भाग आहे. डार्कटेबल २००९ मध्ये योहानेस हानिका यांनी सुरू केला. दोन्ही फुकट मिळतात, पण निवड त्यासाठी केली नाही, कारण पिकासाही फुकटच होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे होते की या प्रोग्रामचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, आणि म्हणून एखाद्या माणसाने किंवा संस्थेने काम थांबवले तरी दुसऱ्यांना ते पुढे नेता येते. रॉथेरपी हा रॉ फोटोंचा दुसरा प्रोग्राम याचे चांगले उदाहरण आहे. गाबोर होर्वात यांनी तो २००४ मध्ये एकट्याने सुरू केला, जानेवारी २०१० मध्ये त्याचा कोड खुला केला, आणि तेव्हापासून इतर अनेकांनी तो चालता ठेवला आहे. आम्ही मात्र डार्कटेबल निवडला. त्याचे कारण तांत्रिक असून ते पुढे येईल.

नाव फोटोत आहे की कॉम्प्युटरात?

ही योजना काकांना समजावून सांगत असताना त्यांनी मला विचारले, "मी हे नाव लिहिलंय, ते फोटोत आहे की कॉम्प्युटरात?" पुढचे सगळे काम या प्रश्नाभोवती फिरले, म्हणून त्याचे उत्तर जरा तपशिलाने देतो.

जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या स्वरूपातल्या फाइलीत चित्राखेरीज काही मजकूरही साठवता येतो. कॅमेरा त्यात तारीख, वेळ आणि भिंगाची माहिती लिहितो. माणसाने लिहिलेल्या ओळी आणि टॅग, म्हणजे फोटो शोधण्यासाठी जोडलेले शब्द, यांसाठी आयपीटीसी ही जुनी आणि एक्सएमपी ही नवी अशा दोन पद्धती आहेत. एक्सएमपी २००१ मध्ये अ‍ॅडोबीने आणली, २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि आज बहुतेक सगळे फोटो प्रोग्राम ती वाचतात. पिकासा जेपेग फोटोखालची ओळ आणि टॅग थेट फाइलीतच लिहीत असे. म्हणजे काकांचे तेवढे काम फोटोत होते आणि फाइलीबरोबर ते आपोआप नव्या जागी जाणार होते.

बाकीचे काम तसे नव्हते. फोटोला दिलेला तारा, जतनाचे बटण न दाबता तशीच ठेवलेली दुरुस्ती आणि चेहऱ्यांच्या चौकटी या गोष्टी प्रत्येक फोल्डरात लपलेल्या पिकासा डॉट आयएनआय नावाच्या छोट्या मजकूर-फाइलीत राहतात. ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून काकांना दाखवली. प्रत्येक फोटोच्या नावाखाली तारा असल्याची एक ओळ होती, आणि चेहऱ्यासाठी सोळा चिन्हांचा एक आकडा होता, ज्यात चौकटीच्या चार कडा फोटोच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात बसवलेल्या असतात. त्यापुढे होता तो माणसाचा क्रमांक. माणसाचे नाव मात्र त्या ओळीत नव्हते. क्रमांकाला नाव जोडणारी मुख्य यादी पिकासाच्या स्वतःच्या फोल्डरात, विंडोजच्या आत खोलवर ठेवलेली असते. नुसते फोटो पेनड्राइव्हवर घेऊन निघालो असतो, तर चौकटी आल्या असत्या आणि त्यांतली माणसे अनामिक होण्याचा धोका होता. अल्बमांचेही तसेच, त्यांची मुख्य नोंद पिकासाच्या फोल्डरातच राहते.

त्यामुळे विंडोज पुसण्याआधी, पिकासा चालत असतानाच, सगळे काम फोटोंच्या फाइलींत उतरवून घ्यायचे असे ठरवले. त्याहीआधी संपूर्ण संग्रहाची, लपलेल्या फाइलींसकट, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ती डिस्क कपाटात ठेवली. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारी नावे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, आणि पिकासा आपली नोंद-फाइल व संपादनाआधीच्या मूळ फोटोंचा फोल्डर यांना टिंबापासून सुरू होणारीच नावे देतो. म्हणून वेचून वेचून नक्कल न करता पूर्ण फोल्डर उचलणे आवश्यक आहे.

पिकासातून निघण्याआधी

चेहऱ्यांसाठी पिकासाच्या ३.९ या आवृत्तीत सोय आहे. टूल्सच्या यादीत एक्स्पेरिमेंटल नावाचा भाग असून, त्यातून चेहऱ्यांची नावे एक्सएमपीत लिहिता येतात. ही नोंद मेटाडेटा वर्किंग ग्रुप या गटाने मेटाडेटासाठी, म्हणजे फोटोविषयीच्या अशा माहितीसाठी, आखलेल्या पद्धतीने होते आणि डिजिकॅम तीच पद्धत वाचतो. ताऱ्यांसाठी अशी थेट सोय नाही, त्यामुळे थोडा वळसा घ्यावा लागला. पिकासात तारा असलेले सगळे फोटो एकत्र निवडता येतात. त्या सर्वांना 'तारा' असा टॅग एकदम दिला की तो टॅग जेपेगच्या आत जातो, आणि डिजिकॅममध्ये तो टॅग असलेले फोटो गाळून त्यांना एकत्रितपणे तारांकन देता येते. अल्बमांच्या बाबतीतही तेच केले. प्रत्येक अल्बममधले फोटो निवडून अल्बमचे नावच टॅग म्हणून दिले.

मराठीत टॅग लिहिणाऱ्याने इथे एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका टॅगसाठी ६४ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. काकांच्या एका अल्बमचे नाव 'कोल्हापूर अंबाबाई दर्शन' असे होते. त्यात देवनागरीची २१ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे एकूण ६५ बाइट. एका बाइटासाठी शेवटचा 'न' तुटतो आणि त्या जागी खूण म्हणून एखादा चौकोन उरतो. एक्सएमपीला अशी मर्यादा नाही, पण दोन्ही पद्धतींत लिहिणारे प्रोग्राम अनेक आहेत आणि तोडलेले रूप कुठे वर येईल हे सांगता येत नाही. म्हणून टॅग आखूड ठेवायचे आणि सविस्तर मजकूर फोटोखालच्या ओळीत लिहायचा असे ठरले. त्या ओळीला आयपीटीसीतही २००० बाइट मिळतात, म्हणजे मराठीत सहाशेहून अधिक चिन्हे, आणि काकांना तेवढी जागा पुरेशी आहे.

हे झाल्यावर जतन न केलेल्या दुरुस्त्या पिकासातच जतन करून घेतल्या. तसे केले नसते, तर दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला त्या दिसल्या नसत्या, कारण त्या चित्रात उतरलेल्याच नव्हत्या.

डिजिकॅम बसवणे आणि तपासणी

डिजिकॅम विंडोजवरही चालतो. म्हणून संगणकाची प्रणाली आणि फोटोंचा प्रोग्राम हे दोन्ही बदल एकाच वेळी केले नाहीत. आधी त्याच विंडोजवर डिजिकॅम बसवला, शेजारी पिकासा उघडा ठेवला आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवल्या. ज्यांना असे स्थलांतर करायचे आहे त्यांना मी हा क्रम आग्रहाने सुचवीन, कारण काही जुळले नाही तर ते कोणत्या बदलामुळे, हे लगेच कळते.

डिजिकॅममध्ये अल्बम म्हणजे डिस्कवरचा फोल्डरच असतो, त्यामुळे काकांची फोल्डरांची रचना जशीच्या तशी समोर आली. पहिल्या वेळी तो सगळ्या फाइली वाचून आपला डेटाबेस, म्हणजे नोंदींची स्वतःची वेगळी वही, तयार करतो. हा डेटाबेस एस्क्यूलाइट या खुल्या स्वरूपात असतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही माहिती दीर्घकाळ टिकवण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश केला आहे. तरीही आम्ही त्यावर विसंबायचे नाही असे ठरवले. सेटिंग्जमधल्या मेटाडेटाच्या भागात जाऊन ओळी, टॅग, तारांकन, तारीख आणि चेहऱ्यांची नावे हे सगळे फाइलीतही लिहिले जाईल अशी व्यवस्था केली. रॉ फाइलींत मात्र काहीही लिहायचे नाही, त्यांच्यासाठी शेजारी एक्सएमपीची वेगळी फाइल ठेवायची.

पिकासात एकेका माणसाच्या नावाखाली किती फोटो आहेत तो आकडा आणि डिजिकॅममधला आकडा एकमेकांशी लावून पाहिला. बहुतेक नावे जुळली, काही नावांत मात्र लक्षात येण्याजोगी तफावत निघाली, आणि सगळ्यात जास्त तफावत एका लग्नाच्या फोटोंत होती. ते फोटो स्टुडिओने दिलेल्या डीव्हीडीवरून उतरवलेले होते आणि त्या फाइलींवर 'फक्त वाचनासाठी' अशी खूण तशीच राहिलेली होती. त्यामुळे त्यांत नावे लिहिलीच गेली नव्हती. खूण काढून पिकासातून पुन्हा नावे लिहून घेतली, तेव्हा आकडे जुळले. आकड्यांची ही जुळवणी केली नसती, तर त्या लग्नातले वऱ्हाड नावांशिवाय राहिले असते आणि ते ध्यानात येईपर्यंत पिकासा पुसला गेला असता.

त्यानंतर मी जी तपासणी केली ती या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डिजिकॅमचा डेटाबेस बाजूला काढून ठेवला आणि त्याला जणू पहिल्यांदाच चालू करत आहोत अशा रीतीने कोऱ्या डेटाबेसवर सगळा संग्रह पुन्हा वाचायला लावला. ओळी आल्या, टॅग आले, तारांकन आले, चेहरे नावांसह आले. काका शेजारी बसून एकेक फोल्डर उघडून पाहत होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले, नावे आता फोटोतच होती. काय परत आले नाही, तेही पाहिले. एकत्र बांधलेल्या फोटोंचे गट आणि खात्री न केलेले चेहरे फक्त डेटाबेसमध्ये राहतात, ते गेले. त्यावर फारसे काम झालेले नव्हते, आणि पुढेही होऊ द्यायचे नाही असे ठरले. लिनक्स बसवल्यानंतर हीच तपासणी नव्या प्रणालीवर पुन्हा केली.

कुणी नवा प्रोग्राम घेताना मला सल्ला विचारला, तर मी त्याला त्याचा डेटाबेस एकदा बाजूला ठेवून पाहायला सांगतो. जे त्यानंतर दिसते तेवढेच आपले असते.

फाइलींत लिहिण्याची एक किंमत आहे. एखाद्या फोटोला टॅग दिला की फाइल बदलते, चित्राला धक्का लागत नसला तरी बॅकअपचा प्रोग्राम तिला नवी समजून पुन्हा नक्कल करतो. संपूर्ण संग्रहावर काम झाल्यानंतरचा पहिला बॅकअप म्हणूनच फार वेळ चालला. आता दोन डिस्क आहेत, एक साताऱ्यात आणि एक पुण्याला चुलतबहिणीकडे, आणि येण्याजाण्यात त्या अदलाबदल होतात.

चेहरे आणि तारखा

डिजिकॅम चेहरे ओळखतो तो पूर्णपणे घरच्या संगणकावर. ओळखीसाठी लागणाऱ्या मोठ्या फाइली तो सुरुवातीला एकदा उतरवून घेतो, त्यानंतर इंटरनेटची गरज पडत नाही आणि कुणाचाही चेहरा घराबाहेर जात नाही. लहान मुलांचे इतके फोटो असलेल्या संग्रहात ही गोष्ट मला मोलाची वाटते. पिकासातून आलेल्या नावांवरून तो शिकतो आणि नव्या फोटोंत नावे सुचवतो. अलीकडच्या रंगीत फोटोंत त्याचा अंदाज चांगला येतो. जुन्या स्कॅनमध्ये, जिथे चेहरा नखाएवढा आणि दाणेदार असतो, तिथे तो सख्ख्या भावांची सर्रास अदलाबदल करतो. तिथे प्रत्येक सूचना माणसानेच तपासावी लागते. डिजिकॅममध्ये चेहऱ्याला दिलेले नाव हा टॅगही असतो, आणि त्याचा उपयोग आम्हाला अनपेक्षित ठिकाणी झाला. परदेशात असलेल्या चुलतभावाने काही फोल्डर आपल्या मॅकवरच्या फोटोज या प्रोग्राममध्ये घेतले. तो प्रोग्राम बाहेरून आलेल्या चेहऱ्यांच्या चौकटी वाचत नाही, पण टॅग वाचतो, त्यामुळे त्याला आत्याचे नाव टाकून आत्याचे फोटो शोधता आले.

तारखांचे काम किचकट होते. स्कॅन केलेल्या फोटोंवर स्कॅनरची तारीख असते, आणि तशीच ठेवली तर १९७० च्या दशकातली वारी २०११ मध्ये निघाल्यासारखी दिसते. डिजिकॅममधून अनेक फोटोंची तारीख एकदम बदलता येते. प्रश्न अंदाजे तारखांचा होता. काकांना साल आठवते, महिना आठवत नाही, आणि फोटोच्या तारखेच्या रकान्याला दिवस, तास, मिनिट सगळे लागते. आम्ही त्या सालाची १ जानेवारी ही तारीख दिली आणि सोबत 'साल अंदाजे' असा टॅग जोडला, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला तो नववर्षाचा समारंभ वाटणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतली कॅमेऱ्याची माहिती पाठवतानाच गळून पडते. त्यांच्या फाइलीच्या नावात आठ आकडी तारीख असते आणि डिजिकॅम नावावरून ती उचलूही शकतो, पण ती फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला-गेल्याची तारीख असते. मुंजीचे फोटो चार महिन्यांनी कुटुंबाच्या गटावर आले असतील, तर तारीखही चार महिन्यांनी पुढची. असे फोटो प्रसंगाच्या फोल्डरात टाकून त्यांना हाताने तारीख दिली. याच फोटोंत मूळ फोटोच्या लहान केलेल्या प्रतीही पुष्कळ होत्या, त्या सारखेपणावरून शोधण्याची सोय डिजिकॅममध्ये आहे आणि तिने बरीच जागा मोकळी केली.

कासचे फोटो

डार्कटेबल निवडण्याचे जे तांत्रिक कारण वर सांगायचे राहिले, ते असे. डिजिकॅम आणि डार्कटेबल हे दोघेही रॉ फाइलीच्या पूर्ण नावापुढे एक्सएमपी जोडून एकच शेजारची फाइल वापरतात. डिजिकॅममध्ये दिलेले टॅग आणि तारांकन डार्कटेबल तिथूनच वाचतो, आणि आपल्या संपादनाच्या पायऱ्याही तिथेच लिहितो. डिजिकॅममध्ये या फाइलीचे नाव व्यावसायिक प्रोग्रामांच्या धर्तीवर ठेवण्याचा एक पर्याय आहे, तो बंदच ठेवावा लागतो, नाहीतर दोघांच्या फाइली वेगळ्या होतात. एकाच वहीत दोघे लिहीत असल्यामुळे दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी उघडायचे नाहीत, आणि टॅग फक्त डिजिकॅममध्ये व संपादन फक्त डार्कटेबलमध्ये करायचे, असा नियम केला.

एक फोटो उदाहरणादाखल घेतो. सप्टेंबरमधली सकाळ, पठारावर धुके, आणि समोर तेरड्याचा गुलाबी पट्टा. कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या जेपेगमध्ये पाकळ्या सपाट दिसत होत्या, गुलाबी रंग इतका भडक झाला होता की त्यातल्या शिरा आणि सुरकुत्या गायब झाल्या होत्या. रॉ फाइलीत तो तपशील शाबूत होता. डार्कटेबलमध्ये आधी एक्स्पोजर थोडे खाली आणले. कलर कॅलिब्रेशनमध्ये ढगाळ उजेडाची निळसर झाक कमी केली. उजेडाच्या चढउताराला पडद्यावर बसवण्यासाठी २०२२ च्या अखेरीस आलेल्या ४.२ आवृत्तीतले सिग्मॉइड हे साधन वापरले, कारण त्यात याच कामाच्या फिल्मिक या जुन्या साधनापेक्षा कमी स्लायडर आहेत आणि काकांना ते सोपे जाते. मग कलर बॅलन्स आरजीबीमध्ये फक्त उजळ भागातली रंगाची तीव्रता उतरवली. पाकळ्यांच्या कडा दिसू लागल्या, आणि तेरड्याच्या मधून मधून गेंदाचे पांढरे ठिपके होते तेही वेगळे उठून आले. धुके काढून टाकणारे हेझ रिमूव्हल हे साधनही हाताशी होते. ते काकांनी वापरू दिले नाही. "धुकं काढलंस तर कास कुठलं?" असे ते म्हणाले, आणि ते बरोबर होते.

हे सगळे होऊनही मूळ फाइल जशीच्या तशी राहते, शेजारच्या फाइलीत फक्त पायऱ्यांची नोंद होते. डार्कटेबललाही मी डेटाबेस बाजूला ठेवण्याची तीच कसोटी लावली. फोटो पुन्हा आत घेतले, तेव्हा सगळ्या पायऱ्या शेजारच्या फाइलींतून परत आल्या.

जे अवघड गेले

डार्कटेबल काकांना अवघड जातो, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. पिकासात एका बटणावर बरा फोटो मिळत असे. डार्कटेबलमध्ये साधनांची संख्या मोठी आहे, त्यांची नावे इंग्रजीत आणि छायाचित्रणाच्या तांत्रिक भाषेत आहेत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती आत्मसात करावीत अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तोडगा म्हणून वर सांगितलेल्या चार पायऱ्यांची एक स्टाइल, म्हणजे एकदम लावता येणारा संच, बनवून दिली आणि उजवीकडच्या पट्टीत तेवढीच साधने ठेवली. काका फोटोला स्टाइल लावतात आणि बहुतेक वेळा फक्त एक्स्पोजर हलवतात. घरगुती जेपेगसाठी ते डार्कटेबल उघडतही नाहीत. डिजिकॅमच्या आतच फोटो कापणे, सरळ करणे, उजेड ठीक करणे ही कामे होतात, आणि दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने जतन होऊन मूळ फोटो तसाच राहतो. काकूंना पिकासातले कोलाज हवे होते. तशी सुबक सोय आम्हाला इथे मिळाली नाही, आणि त्या आता कोलाज फोनवरच करतात.

संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे दाणे कमी करण्याचे साधन लावले की डार्कटेबल काही सेकंद थांबतो. फोनवरून तारेने फोटो उतरवताना जोडणी अधूनमधून तुटते, म्हणून आता केडीई कनेक्ट हा फोन आणि संगणक जोडणारा प्रोग्राम वापरून वायफायवरून फोटो पाठवले जातात.

खर्च झाला तो दोन हार्ड डिस्कचा. काकांनी केडीईच्या संस्थेला देणगी पाठवायला मला आवर्जून सांगितले. त्यांच्या मते रोज वापरायच्या वस्तूचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत, आणि माझेही मत तेच आहे.

व्हिडिओंचे काम अजून बाकी आहे. जुन्या फोनवरच्या आणि हँडीकॅमवरून उतरवलेल्या फाइलींत फोटोंसारखा मजकूर भरवशाने लिहिता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठीही शेजारची एक्सएमपी फाइल चालू केली आहे. त्यांतल्या माणसांची नावे चौकटींत न बसवता काका प्रत्येक व्हिडिओखालच्या ओळीत लिहीत आहेत, आणि आत्या साताऱ्याला येतात तेव्हा पडद्यावर थांबवून थांबवून ती नावे त्यांच्याकडून तपासून घेतली जातात.